खालचं नाव

मंगळवार, दिवेलागणीनंतर

यांचा कंप्युटर फार हळू झाला म्हणून परवा माझ्या लेकीने, विद्याने, जुन्या विंडोजशेजारीच लिनक्स नावाची नवी प्रणाली घातली. आता चालू केलं की पडद्यावर दोन नावं येतात आणि आकडे उतरायला लागतात. आकडे संपायच्या आत खालचं जुनं नाव निवडलं नाही, तर मशीन आपणच नव्या बाजूला जातं.

आज भाकरी उलटायला उठले, तेवढ्यात आकडे संपले. नव्या बाजूला यांचा आवाज शोधला, कुठेच नाही! मला वाचायला यावं म्हणून हे धडे मोठ्याने वाचून त्यात भरून ठेवत. मी पुस्तकातल्या ओळीवर बोट धरायची. मध्येच म्हणत, "हं, उलट पान." तेवढंच उरलंय त्यांचं. पुसलं गेलं असतं तर?

देशपांडे नगरला राहणाऱ्या विद्याला फोन लावला.

"अगं आई, घाबरू नको. काही पुसलं नाही. बंद करून परत चालू कर. आणि तव्याकडे नको, आकड्यांकडे बघ!"

तसं केलं. आवाज आला. "हं, उलट पान." रडले.

पण तिला सगळं सांगितलं नाही. नवी बाजू झटकन उघडते, अक्षरं मोठी दिसतात. आधी मी तिथे बातम्याच वाचत बसले होते, अगदी रमून. यांना ऐकायला बसले होते, हे मागाहून आठवलं.

आज आठवलं. एखाद्या संध्याकाळी आठवणारच नाही, याची भीती वाटते.