शाइस्ताचा अंगठा

अमरावती,
जानेवारीची अखेर

प्रिय खुशालराव यांस जहीर कूलरवाल्याचा सलाम, आणि तुझं एवढ्यावर भागत नाही म्हणून वरून रामराम. पार्वतावहिनींना माझा आणि घरच्यांचा नमस्कार सांग. तुझा गुडघा कसा आहे? लग्नात तू खुर्चीवरून उठताना टेबल धरलंस ते मी पाहिलं होतं, पण तेव्हा वाढपी रस्सा घेऊन आला आणि विचारायचं राहिलं. कपाशीची वेचणी उरकली असेल. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. (तुला पत्र लिहिताना हे वाक्य टाळता येत नाही, शाळेपासूनची अडचण आहे.) फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर मी एक वाक्य बोललो की तू सोयाबीनच्या भावावर येतोस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, आणि ही हकीकत मधे कोणी न बोलता ऐकण्यासारखी आहे.

तर बातमी अशी की आपली धाकटी शाइस्ता अमेरिकेत परत पोचली. नुसती पोचली नाही, आत गेली. पोचणं आणि आत जाणं यात फरक असतो, हे मला या महिन्यात कळलं. विमान तुम्हाला तिथवर सोडतं, पण पुढे एक खिडकी असते, खिडकीत साहेब असतो, आणि त्याच्या मनात आलं तर तो तिथूनच परत पाठवू शकतो. ती खिडकी आपण जिंकली. आपण म्हणजे मुख्यतः मी.

तू शाहीनच्या निकाहचं जेवण करून शेवटच्या बसने दर्यापूरला गेलास, त्यामुळे पुढचं काही तुला ठाऊक नाही. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी शाइस्ता सुट्टीत आली, पण येताना एक धास्ती घेऊनच आली. तिचं हे शेवटचं सत्र. वर्ग सुरू व्हायच्या आत परत गेली नाही तर पदवी लटकली, आणि आजकाल तिकडचे नियम फार कडक झालेत म्हणून कॉलेजने सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांना लांबलचक सूचना पाठवल्या होत्या. गरज असेल तरच घरी जा. पासपोर्टची मुदत पाहा. कॉलेजच्या कागदावर प्रवासाची ताजी सही घ्या. कागद मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. साहेब विचारेल तेवढंच सांगा, हुज्जत घालू नका. तिने हे सगळं मला मराठीत वाचून दाखवलं, आणि तिथेच तिची चूक झाली. कारण थंडीत कूलरवाल्याला काम नसतं. उन्हाळ्यात तिने हेच वाचलं असतं तर मी मान डोलावून कूलरच्या ताट्यांत गवत भरत बसलो असतो. जानेवारीत मी ते काम अंगावर घेतलं.

पहिल्याच दिवशी मी तिचे सगळे कागद लॅमिनेशन करायला निघालो होतो. शाइस्ताने चौकापर्यंत धावत येऊन ते माझ्या हातातून ओढून घेतले. म्हणे प्लास्टिकच्या आतल्या कागदावर पुढच्या वेळी सही कुठे करणार. (मला अजूनही वाटतं की चांगला कागद उघडा ठेवू नये, पण विषय वाढवला नाही.) मग मी तोंडी तयारीवर आलो. एका मंगल कार्यालयासाठी केलेला मोठा कूलर अंगणात पडून आहे. त्याच्या ताट्या काढल्या की चारी बाजूंनी खिडकी होते आणि आत माणूस बसतो. मी आत बसलो, बाहेर शाइस्ताला पिशवी घेऊन उभं केलं आणि साहेबाच्या आवाजात विचारलं, “काहून आली?” ती म्हणाली, “शिकायला.” मी म्हटलं, “परत कधी जाशीन?” ती म्हणाली, “शिकून झाल्यावर.” उत्तरं बरोबर होती, पण आवाजात दम नव्हता, म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ सराव ठेवला. गल्लीतली माणसं दूध आणायला जाता-येता थांबून निकाल विचारू लागली. आमच्या अम्माला, म्हणजे बिस्मिल्लाबींना, तू ओळखतोसच. घरात ती उर्दूत बोलते, पण चिडली की तिच्या माहेरच्या खेड्यातली वऱ्हाडी बाहेर येते. ती म्हणाली, “पोट्टी कालेजात चालली का ठाण्यात? इतकं काय इचारून राहिला तिले? आन् तू त्या डब्यातून भाईर ये, कंबर धरन.” कंबर धरली. पण सराव थांबला नाही.

आता मेंदीकडे येतो. शाहीनच्या लग्नात अम्माने दोन्ही नातींच्या हाताला स्वतः मेंदी लावली, कोपरापासून नखांपर्यंत. वर लिंबू-साखरेचं पाणी, मग तव्यावर लवंगा तापवून त्याचा धूर. इतकी काळीभोर मेंदी उभ्या गल्लीत कोणाची रंगली नव्हती. जेवताना तूसुद्धा शाइस्ताला हात पुढे करायला लावलास आणि ‘वा, बिस्मिल्लाबी’ म्हणालास, तेव्हा तूही यात आहेस हे लक्षात ठेव. पाहुणे गेल्यावर मी त्या सूचना पुन्हा वाचायला लावल्या आणि तोवर आम्ही ज्याच्यावरून नुसती नजर फिरवली होती ते वाक्य समोर आलं: सीमेवर बोटांचे ठसे घेतले जातील. मी शाइस्ताच्या बोटांकडे पाहिलं. शाइस्ताने पाहिलं. अम्माने आपले हात ओढणीत लपवले, जसं काही तिचेच ठसे घ्यायला कोणी दारात उभं होतं.

शंकेत राहणं माझ्या स्वभावात नाही. अमरावतीत अमेरिकेचं मशीन कुठे मिळणार? पण अंगठा ओळखणारं एक मशीन आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे, रेशन दुकानातलं. शाइस्ताचं नाव अजून आमच्या कार्डावर आहे (कमी करायचं राहून गेलं, यावर तू काही बोलू नकोस). मी तिला स्कूटरवर बसवून थेट दुकानदार नत्थुजीकडे नेलं. त्याने तिच्या नावावर बोट ठेवलं, तिने अंगठा लावला, मशीनने नाही म्हटलं. दुसरं बोट लावलं, तेही नाही. मागची रांग कुरकुर करू लागली. नत्थुजी म्हणाला, “जहीरभाई, हे नाही घेऊन राहिलं. माह्या मशीनचा काही दोष नाही.” खुशाल, गव्हा-तांदळाचं मशीन जिला ओळखत नाही, तिला अमेरिका काय ओळखणार?

मग धुलाई सुरू झाली. लिंबू झालं, बेसन झालं, खाण्याचा सोडा झाला, कोमट पाण्यात मीठ झालं. कूलरच्या टाकीतला पांढरा क्षार मी ज्याने काढतो ते औषध आणायला निघालो, तेव्हा शाइस्ताची आई माझ्याशी बोलायची बंद झाली, म्हणून ते ठेवून दिलं. चोळायचं काम अम्माने कोणाला करू दिलं नाही. आपण लावलेली आपणच काढणार, असं म्हणत ती रोज नातीचे हात मांडीवर घेऊन बसायची, आणि चोळता चोळता डोळे पुसायची. मेंदी जराही हलली नाही. मशीनही नाहीच म्हणत राहिलं. शाइस्ताने कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीला विचारलं, तर उत्तर आलं की बोटं चोळू नका, मेंदी राहू द्या, कोणी विचारलं तर लग्नाची आहे म्हणून सांगा, अडवलंच तर आम्हाला फोन करा. उत्तर सभ्य होतं. पण तिथल्या कोणी अम्माच्या हातची मेंदी पाहिली नव्हती.

शेवटी मी जाहीर केलं की नत्थुजीचं मशीन हो म्हणेल तरच बडनेरा स्टेशन, नाहीतर तिकीट रद्द. शाइस्ता म्हणाली, “अब्बा, मग माझं सत्र जाईल.” मी म्हटलं, जाऊ दे. तुला खरं सांगतो, मला मशीनची भीती नव्हती. परक्या मुलखात, अनोळखी माणसांसमोर पोरगी खाली मान घालून उभी राहील, आणि मी इथे पत्रा ठोकत बसलेला असेन, याची होती. पण ते मला बोलता येईना, म्हणून मी मशीनचंच नाव घेत राहिलो.

निघायच्या दिवशी सकाळी शेवटची संधी. अम्माही येते म्हणाली. बॅगा लादलेला ऑटो दुकानासमोर उभा, दोघी आत गेल्या, आणि मी आत जायला धजेना म्हणून ऑटोवाल्यापाशी हवापाण्याच्या गोष्टी करत राहिलो. तेवढ्यात नत्थुजी स्वतः बाहेर आला, हातात पावती, आणि रांगेच्या डोक्यावरून ओरडला, “घेतला! जहीरभाई, अंगठा घेतला!” रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. बडनेऱ्याला गाडी सुटेपर्यंत माझ्या मांडीवर गव्हाची पिशवी होती आणि ती मला जड वाटली नाही.

पुढचं शाइस्ताने फोनवर सांगितलं. तिथल्या साहेबाने चार बोटं ठेवायला लावली, मग अंगठा. मशीनने पहिल्या झटक्यात घेतलं. कुठे गेली होतीस? बहिणीच्या लग्नाला. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, हसला, शिक्का मारला. कूलरमध्ये पाठ करून घेतलेला एकही प्रश्न त्याने विचारला नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं. पण विजय तो विजय. आता गल्लीत ज्याचं पोरगं बाहेर निघतं तो आधी माझ्याकडे येतो, आणि मी त्याला पहिला सल्ला देतो की बाकी कागद नंतर, आधी नत्थुजीकडे जाऊन अंगठा लावून ये. दुकानाच्या पाटीवर कूलर दुरुस्तीच्या खाली ‘परदेश प्रवास सल्ला’ असं रंगवून घ्यायचा विचार आहे.

गुडघ्याला तेल लाव, आणि वहिनींसमोर हे पत्र मोठ्याने वाच.

तुझा,
जहीर

ता.क. पत्र पाकिटात घालायच्या आधी नत्थुजीला पेढे द्यायला गेलो होतो. त्याने पेढा घेतला नाही. म्हणाला, “हा तुमच्या अम्माले द्या. अंगठा तिचाच होता.” त्या सकाळी शाइस्ताचा अंगठा मशीनने पुन्हा नाकारला, तेव्हा अम्माने नत्थुजीला आपल्या नावावर बोट ठेवायला लावलं आणि स्वतःचा टेकवला. अम्माचा अंगठा घासून गुळगुळीत झालाय, कित्येक महिन्यांत मशीनने तो घेतला नव्हता. पण इतके दिवस लिंबू-बेसन चोळून चोळून तिचीच बोटं उजळून निघाली होती. म्हणजे माझा इलाज लागू पडला, फक्त चोळून घेणारीच्या हातावर नाही, चोळणारीच्या. शाइस्ता सामील होती. तिच्या आईलाही ठाऊक होतं. बाहेर ऑटोपाशी उभा होतो तो मीच तेवढा बेखबर राहिलो. राग यायला पाहिजे होता, पण घरी येऊन मी अम्माचा हात हातात घेऊन बराच वेळ बसलो. पाटी मात्र रंगवणार.

ता.क. दुसरा. आता खरं काम. उन्हाळ्यात शाइस्ताचा पदवीदान समारंभ आहे आणि अम्माने तिकडे जायचं ठरवलंय. पासपोर्ट काढायचा तर तिचं नाव एका कागदावर बिस्मिल्लाबी, दुसऱ्यावर बिस्मिल्ला बी आणि तिसऱ्यावर नुसतंच बी आहे. तिची शाळा तुझ्या शेताच्या वाटेवरच्या गावात झाली. तिथे जुना दाखला निघतो का पाहा. आणि तुझ्या गुडघ्यानिशी बसने जाऊ नकोस, कोणाच्या तरी गाडीवर जा.

ता.क. तिसरा, अम्मा सांगते तसा: “खुशाल बेटा, दाखला लवकर पाठव. आन् या जहीरले तूच समजावून सांग, मी अमेरिकेले जाईन तं मेंदी लावूनच जाईन. नातीचं लगन असो का पदवी, कोरे हात घेऊन मी कोनाच्या दारात जात नसतो.”