आचार्यांची पेज

३ ऑगस्ट
आलो एकदाचा बेंगळुरूला! नागपुरात लोक मला वजनावरून ओळखायचे; आता एकशे एकवीसचा अठ्ठ्याऐंशी झालोय, पँट कमरेला थांबत नाही. इंदिरानगरच्या आतल्या गल्लीत वरची खोली मिळाली. मालकीणबाई अहल्याक्का मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. यजमान भीमाचार्य अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, वाचा गेलेली, डोळे मात्र लख्ख. अक्कांनी माझं गोत्र विचारलं आणि मी पास झालो.

७ ऑगस्ट
आचार्य एकवेळच जेवतात, तेही सोवळ्यातलं, म्हणून घरात नर्स नाही. दुपारी अक्का मठात सेवेला जातात. मी घरूनच काम करतो, शिवाय त्यांच्यातलाच. तेव्हा आंघोळ करून पेज भरवायचं काम माझ्याकडे आलं. स्वल्प स्वल्प भरव, घाई नको, असं अक्कांनी बजावलंय. चमचा पोचायच्या आधीच आचार्य तोंड उघडतात. गंमत वाटली.

११ ऑगस्ट
भूक पाठ सोडत नाही. डॉक्टर त्रिविक्रमांना विचारलं. ते म्हणाले, चरबी घटली की पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं आणि भूक लावणारं ग्रेलिन चढतं. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. वर्षभरसुद्धा टिकतं. यात तुमचा दोष नाही, लपवू नका, औषध देता येईल. मी हसून म्हटलं, माझं उत्तम चाललंय.
आज वाटीतले दोन चमचे मी खाल्ले. तूप काय होतं!

१५ ऑगस्ट
निम्मी वाटी. माझ्या खोलीत काकडी आणि ताकाशिवाय काही ठेवत नाही. डाएटच्या ॲपमध्ये पेज लिहिली नाही. उद्यापासून बंद.

१९ ऑगस्ट
वाटी मीच संपवतो. आज एकादशी, म्हणून पेज नाही आणि अक्का घरीच. अक्कांनी विचारलं, हे इतके का वाळले. माझ्या तोंडून निघून गेलं, की ते तोंडच उघडत नाहीत.
अक्का रडल्या. एखादा भाग्यवंतच असं अन्न सोडून जातो, म्हणाल्या, आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आचार्य माझ्याकडे बघत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला फार लाज वाटली.

२२ ऑगस्ट
आता अक्कांनी आचार्यांचं रात्रीचं दूधही बंद केलंय, फक्त तीर्थ. पेज मात्र अक्का रोज ठेवतात, त्यांचं मन फिरलं तर म्हणून. आज सगळी भरवायचीच, असं ठरवून गेलो. त्यांनी तोंड उघडलं. चमचा उचलला — माझ्याच —

२४ ऑगस्ट
दर्शनाला माणसं येतायत. हार. उदबत्त्या. श्रीकांत नावाचा पुतण्या आला, माझे हात धरून म्हणाला, तुम्ही फार सेवा केलीत. सांगणार होतो. पण मग पेज —

२५ ऑगस्ट
खोली माणसांनी भरलेली. अक्कांनी पेजेची वाटी आचार्यांच्या ओठांना लावली, लगेच काढली. माझ्या हातात दिली. त्यांनी सोडलेलं अन्न, प्रसाद आहे, आधी सेवा करणाऱ्यानं घ्यायचा, म्हणाल्या.
आचार्यांचे ओठ हलत होते. लोक म्हणाले, नाम घेतायत.
मी खाल्ली. सगळ्यांसमोर. चाटून.
अक्कांनी विचारलं, अजून देऊ का. पातेल्यात एकच वाटी उरली होती. आता सांगतो, आत्ता सांगतो, म्हणून तोंड उघडलं, आणि मी वाटी पुढे —