ओसाड हा शब्द माझा

४ ऑगस्ट, सोमवार
आधी चूक दुरुस्त करते. याच वहीत १२ मेला लिहिलं आहे: "महादेवाच्या माळावर गेले. वर काहीच नाही. दगड आणि राख." दगड आणि राख खरं. "काहीच नाही" हे चूक. खोडत नाही. त्या दिवशी मला ते खरंच वाटलं होतं, हेही राहू दे.

आज बाबांचा गुडघा धरला. आम्ही गुरव, श्रावणी सोमवारी देवाला बेल कोणीतरी आणायलाच हवा. मी वर गेले. राख होती तिथे मांडीएवढं गवत. पवन्या, मारवेल, कडेने तरवड. चैत्रात लोक माळ पेटवतात, पुढे गवत चांगलं येतं म्हणून. तेव्हा जळालेली पळसाची खोडं मी मेलेली धरली होती. त्याच खोडांना आज ताटाएवढी पानं. एक टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत राहिली. पिल्लं असावीत. असावीत, पाहिली नाहीत.

उतरताना पायथ्याशी पिवळं मशीन उभं दिसलं. मुरूम काढायचं.

५ ऑगस्ट
रात्री नीट झोप नाही. सकाळी ग्रा.पं.त गेले.

मेमध्ये पंधरा दिवस मी त्यांच्यासाठी गायरानाची पाहणी केली होती, महादेवाचा माळ त्यातलाच. तक्त्यात "जमिनीची स्थिती" या रकान्यात माझ्या हाताने लिहिलं: ओसाड, गवत व झाडे नाहीत. खाली सही. ग्रामसेवकांनी, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, आज ठरावाचा कागद समोर ठेवला. माळावरून मुरूम काढायला गावाची हरकत नाही, "कारण सदर जागा ओसाड असल्याचे पाहणीत आढळले." पाहणी म्हणजे मी. ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत येणार.

"भाऊसाहेब, ती नोंद चुकली माझी."
"चुकली कशी? अक्षर तर तुमचंच आहे, ताई. लई देखणं."
"तेव्हा माळ जळलेला होता."
"मग जळलेला लिहायचं. ओसाड काहून लिहिलं?"

बरोबर बोलले ते.

निघताना म्हणाले, "संगणकावर बसायला माणूस लागतोय आपल्याला. तुमचंच नाव आहे डोक्यात. उगी घोळ करू नका."

मी दुरुस्तीचा अर्ज दिला आणि पोच मागितली. शिक्का नीट उमटला का, हे घरी येईपर्यंत चार वेळा पाहिलं.

६ ऑगस्ट
मुनीर चाचांच्या शेतावर गेले. जुन्या खदानीला लागून त्यांची हळद. ती खदान रस्त्यासाठी खोदली होती, मी बारावीत होते तेव्हा. तिथे अजून गवताची काडी नाही. पावसात तिथला खडा वाहून त्यांच्या दोन सऱ्या बुजल्या आहेत. उन्हाळ्यात तिथलीच धूळ आमच्या अंगणापर्यंत येते.

"वाळवंट बघायला राजस्थानला काहून जायचं, बेटा? ह्या शेताच्या धुऱ्यावर उभं राहा. ऊंट तेवढा आणायचा राहिला."

हसले, आणि बुजलेल्या सरीतला खडा पायाने बाजूला सारला. वरचा माळही खरवडला तर त्यांचं शेत राहणार नाही. सऱ्या दिसतच होत्या.

वाळवंट पसरतं असं पुस्तकात वाचलं होतं, जणू त्याला पाय आहेत. आमच्याकडे ते कागदावरून येतं. एका कागदावर माझी सही आहे.

७ ऑगस्ट
भाऊसाहेबांनी बोलावलं.

"अर्ज वाचला. गवत दिसलं म्हणता. श्रावणात तर पत्र्यावर बी गवत उगवतं, ताई. ह्याला पुरावा म्हणत न्हाईत."

दोघं बसले होते तेही हसले. राग आला. मुद्दा मात्र खरा. मेमधला एक दिवस पुरावा नाही, तसा श्रावणातला एक दिवसही नाही.

मग किती दिवसांचा?

८ ऑगस्ट
उत्तर घरातच होतं.

लहानपणी मला दम लागायचा, म्हणून चौथीपर्यंत शाळा बाबांपाशीच झाली. देवळाच्या पायरीवर, पुस्तक म्हणजे पंचांग. पूजेची आणि पत्रावळ्यांची पानं कुठून आणली ते बाबा रोज पंचांगाच्या समासात लिहीत. कुठलं झाड ओरबाडलं गेलं, कुठल्याला विसावा द्यायचा, ते कळावं म्हणून. मी त्यावरच वाचायला शिकले. नियम एकच होता: डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिही. मेमध्ये मी तोच नियम पाळला आणि फसले. बाबा एक दिवस पाहून कधी थांबले नव्हते. हे मी शिकलेच नाही.

पेटी उघडली. बारा वर्षांची बारा पंचांगं.

"माघ व. ३. पळस, वरचं टेपाड. दोन ओझी. ससा."
"ज्येष्ठ शु. ९. टिटवीची अंडी, चार. वाट बदलली."
"चैत्र शु. ११. माळ पेटवला. पळस खाली जिवंत आहे, उकरून पाहिलं."

उकरून पाहिलं. मी उकरलं नव्हतं.

१० ऑगस्ट
दोन दिवस उतरवून काढते आहे. प्रत्येक ओळ दोनदा ताडून. आई म्हणाली, "जेवायचं तरी ध्यानात ठेव, माय." आठ पंचांगं झाली.

११ ऑगस्ट, सोमवार
नववं. श्रावणाचं पान. बाबांचंच अक्षर, घाईचं:
"गर्दी फार. बेल फांदीसकट तोडला." पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मग कार्तिकात: "खालच्या उतारावरचे बेल वाळले. सगळे."

खालचा उतार म्हणजे आताची खदान. जागा मोकळीच पडली आहे, असं म्हणून तिथूनच खोदायला सुरुवात केली होती. ते मला आठवतं.

संध्याकाळी बाबा पत्रावळ्या टाचत होते. पान समोर धरलं. वाचलं त्यांनी.

"एवढं नको नेऊ, माय."
"काहून?"
"घरोघरी पत्रावळ्या घेऊन जातो मी. गुरवानंच महादेवाचा बेल खाल्ला म्हणतील."
"खोटं म्हणतील का?"

काडी मोडली त्यांच्या हातात. दुसरी घेतली.

"बाकीची अकरा ने की. अकरा काय कमी हाईत?"
"बाबा, अकरा नेली तर मी पुन्हा अर्धंच लिहिलं असं होईल. त्या तक्त्यावर माझी सही आहे. या पानावर तुमचं अक्षर."

पुढची पत्रावळ घेतली त्यांनी. मी जास्त बोलले का? बोलले. मागे मात्र घेणार नाही.

१२ ऑगस्ट
पेटीत अकरा. नववं नाही.

आईला विचारलं. "मला ईचारू नको. तुमा बापलेकीचं तुमी बघा."

बाबा पहाटेच माळावर गेले होते, गुडघा दुखत असताना. बेल घेऊन आले. पानं सुटी सुटी, फांदी एकही नाही. टोपली माझ्यासमोर ठेवली आणि आत गेले. याचा अर्थ काय लावायचा ते ठरवत नाही.

दुपारी भाऊसाहेबांचा फोन. "त्या संगणकाच्या जागेसाठी दुसरं नाव बी आलंय बरं का, ताई. शुक्रवारपर्यंत थांबतो." मी म्हटलं, थांबू नका. म्हटलं ते म्हटलं.

१३ ऑगस्ट, बुधवार
मशीनमध्ये डिझेल भरताना पाहिलं. ठरावाच्या आधीच.

बोलायचं ते लिहून काढलं, मोठ्याने वाचलं, तिसऱ्या वाक्याला आवाज गेला. पुन्हा वाचलं. पुन्हा गेला. जाऊ दे. गेलेल्या आवाजात वाचेन. मुनीर चाचा म्हणाले, "मी पुढंच बसतो. घाबरली तर माझ्याकडं बघ. मी तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेलो असंन."

पेटी पुन्हा पाहिली. अकराच. नवव्यातली ती पानं मी सोमवारीच उतरवून घेतली आहेत, पण ते माझं अक्षर. माझ्या अक्षराचं काय होतं ते गावाने पाहिलं आहे.

बाबांना जेवताना सांगितलं, म्हणजे मागाहून कळलं असं नको. "अकरा टेबलावर ठेवीन. नववं का नाही, त्यात काय लिहिलं आहे, तेही सांगेन. आधी माझी चूक, मग आपली, मग गावाची, खदानीची. त्यानंतर ठराव." बाबांनी घास खाली ठेवला. मग उचलला आणि खाल्ला. बोलले एवढंच, "झेंडावंदन किती वाजता हाय?"

साडेसातला आहे. ग्रामसभा त्यानंतर लगेच.

शुक्रवार, १५ ऑगस्ट. मी उभी राहणार.