गॉर्डीचा फोटो पुन्हा काढावा लागेल

६ ऑक्टोबर, सोमवार
आजपासून गावच्या बेवारशी प्राण्यांच्या शेल्टरमध्ये फोटोग्राफर म्हणून रुजू. बिनपगारी. मिनेसोटाच्या या टोकाला शाळा-शाळांतून बत्तीस वर्षं पोरांचे फोटो काढले, तिथे कुत्री म्हणजे काय! तळघरातला निळा पडदा, स्टूल आणि कंगवा बरोबर नेला.

शेल्टरची प्रमुख मार्लिस. म्हणाली, “मिस्टर लाहटी, माझा तिसरीतला डोळे मिटलेला फोटो अजून आईच्या फ्रिजवर आहे हं!” मी म्हटलं, रीटेकच्या, म्हणजे फोटो पुन्हा काढायच्या दिवशी तूच गैरहजर होतीस. डोळे मिटले की नाव रीटेकच्या यादीत, हा माझा जुना नियम. तो इथेही लागू केला. मी पास केल्याशिवाय फोटो वेबसाइटवर जाणार नाही. फोटो नाही तर घर नाही, म्हणून जबाबदारी मोठी आहे.

संकल्प: प्राण्यांना हात लावायचा नाही. लळा लावून घ्यायचा नाही. घरी आणणं तर दूरच. बायको, अर्लीन, गेल्यापासून घर कसं टापटीप राहतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
नऊ कुत्री पास. त्यातली सहा तर आठवड्याभरात नव्या घरी गेलीसुद्धा. हाताला यश आहे.

फक्त गॉर्डी राहिला. वय अकरा, तोंड पांढरं, मालकीण वृद्धाश्रमात गेली म्हणून इथे आला. स्टुलावर बसवला की उतरतो, येतो आणि माझ्या बुटावर हनुवटी ठेवून डोळे मिटतो. रीटेक.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
गॉर्डी: रीटेक. आज सॉसेज नेलं होतं. हे लाड नव्हेत, तंत्र आहे.

इथे एक पद्धत आहे. प्राणी घरी निघाला की नव्या मालकाबरोबर पायरीवर फोटो. आज ट्रकवाला डेल आला होता. पाचवीत त्याच्याकडून हसू काढायला मला दहा मिनिटं लागली होती. आज तीन पायांची मांजर छातीशी धरून न सांगता हसला. मग माझा हात धरून म्हणाला, “सर, घरी कोणीतरी वाट बघणार आता.” मला एकदम शिंका आल्या, डोळ्यांना पाणी. मांजरांची ॲलर्जी असावी.

४ नोव्हेंबर, मंगळवार
गॉर्डी: रीटेक. कान वाकडा.
आता आठवड्यातून तीनदा जातो. उजेडाचा अभ्यास करायला.

मार्लिस म्हणाली, “अहो, कान त्याचा जन्मापासून वाकडा आहे.” मी म्हटलं, म्हणूनच काळजीपूर्वक काढायला हवा. ती म्हणाली, “तुम्हीच का नाही नेत त्याला?” हसलो. मी कुत्र्यांतला माणूस नाही, हे तिला नीट समजावून सांगितलं. गॉर्डी माझ्या मांडीवर होता म्हणून उठता आलं नाही, नाहीतर तेव्हाच विषय संपवला असता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
फीनिक्सहून क्रिस्टिनचा फोन. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी यायला जमणार नाही. म्हटलं, उत्तमच, मलाही वेळ नाही. “बाबा, एखादं कुत्रं तरी पाळा हो,” म्हणाली. सगळ्यांना एकच सुचतं.

गॉर्डी: रीटेक. फोटो तसा बरा होता. डोळे उघडे, कानही ठीक. पण काहीतरी कमी वाटलं. घाई करण्यात अर्थ नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मार्लिसने माझी यादी डावलून स्वतःच्या मोबाइलवर काढलेला गॉर्डीचा फोटो वेबसाइटवर टाकला. पडदा नाही, स्टूल नाही, मागे फिनेलची बादली. असल्या फोटोवर कोण येणार?

२५ नोव्हेंबर, मंगळवार
मार्लिसचा फोन. एक बाई आपल्या वडिलांसाठी गॉर्डी मागतेय. “उद्या बारापर्यंत थांबवलंय मी त्यांना. मिस्टर लाहटी, तुम्हाला काही सांगायचंय?”

मी म्हटलं, हो, त्याची डावी बाजू फोटोत जास्त चांगली येते.

ती मग म्हणाली, “बरं.”

व्यवसायात इतकी अलिप्तता हवीच. संध्याकाळी ओव्हनमधली बटाट्याची कॅसरोल जळली.

२६ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी सहज दुकानात गेलो. गॉर्डीसाठी पट्टा घेतला. फोटोच्या कामाला, असं दुकानदाराला सांगितलं. त्याने विचारलंही नव्हतं. लाल घ्यावा की तपकिरी, यात पाऊण तास गेला. निळ्या पडद्यावर लाल उठून दिसतो, पण आमच्या स्वयंपाकघरात तपकिरी बरा दिसला असता. तपकिरी घेतला. रस्त्यावर बर्फ होतं. बर्फ फार नव्हतं. पोचलो तेव्हा सव्वाबारा.

कागदांवर सह्या झाल्या होत्या. बाईचे वडील, एमिल, बाकावर बसले होते. त्यांची बायको वसंतात गेली. मला म्हणाले, “एकट्याने जेवायचा कंटाळा आला हो. म्हटलं, कोणीतरी टेबलाखाली असावं.” किती सरळ बोलले. एवढं एक वाक्य मला दोन महिन्यांत बोलता आलं नाही. मला गॉर्डी हवा होता. पहिल्या दिवसापासून हवा होता.

मार्लिसचं लक्ष माझ्या हातातल्या पट्ट्याकडे गेलं. ती काही बोलायच्या आत मी तो एमिलना दिला. शेल्टरतर्फे भेट, म्हटलं. त्यांनी तो गॉर्डीच्या गळ्यात बांधला. बकल त्यांना लागेना, म्हणून ते मी लावून दिलं.

मग पायरीवरचा फोटो. तो मलाच काढायचा होता. एमिल हसले. गॉर्डी माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, डोळे मिटले, आणखी एक. मग पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा एमिलनी विचारलं, “माझे का?” मी म्हटलं, नाही, गॉर्डीचे. नऊ वेळा काढला. थंडी होती, पण माझ्यासाठी ते दोघं उभे राहिले. मग मार्लिस हळूच म्हणाली, “सर, जाऊ द्या त्यांना.”

गाडी वळेपर्यंत कॅमेरा डोळ्यालाच धरून होतो.

घरी येऊन नऊही फोटो पाहिले. माझा हात हलल्यामुळे सगळे थोडे पुसट आहेत. गॉर्डीचे डोळे नऊही फोटोंत उघडे आहेत.