मनात पाच मोजून

बुधवार, संध्याकाळ

नवा कॅमेरा आला आणि पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. आठ वर्षं इरफानभाई लग्नांचं शूटिंग करतात, मी एडिटिंग. आठ वर्षं त्यांच्यावर ओरडतेय, शॉट लवकर तोडू नका, पुढेमागे थोडं सोडा, नाहीतर मी जोडू कुठे? आज गच्चीवर आई मटार सोलत बसली होती, तिचे वीस शॉट घेतले. कॉम्प्युटरवर लावले तर एकही जोडता येईना. सगळे ऐन जागी तोडलेले! बोट बटणावर आणि डोक्यात एडिटिंगच चालू.

कॅमेरा द्यायला आलेले इरफानभाई पोट धरून हसले. "ताई, तुम्ही तर कॅमेऱ्यातच कात्री चालवता. शॉट संपला असं वाटलं ना, की मनात पाच मोजा. मग बंद करा."

नुसते पाच? एवढं सोपं असतं तर... पण रविवारी नामपूरच्या साखरपुड्यात दुसरा कॅमेरा माझ्या हातात असणार. त्यांनीच आपणहून सांगितलंय. जमेल मला?

पुन्हा गच्चीवर गेले. आईने शेवटची शेंग सोलली. मी मोजायला लागले. तीनपर्यंत काहीच नाही. चारला तिने मान वर केली, "झालं का गं?" म्हणाली, आणि पाचला चार दाणे लेन्सपुढे धरले. "घे."

इरफानभाईंच्या शॉट्समधले असे किती "घे" मी आजवर कापून टाकले असतील?

रविवारी मी सात मोजणार आहे.