खुंट्यावरचा चौथा बोल्ट

१२ नोव्हें.
लोधिवलीहून प्रतीक्षा आली. शाळेत माझ्या हाताखाली शिकली, आता माझ्यापेक्षा बरी चढते. खुंट्या सुळक्यावर दोर अडकवायला मी ठोकलेले सातही बोल्ट बदलायचेत म्हणे, गंजलेत. परवानगी हवी. ज्याने पहिल्यांदा ठोकले त्याला विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही, ही आम्हा चढणाऱ्यांची रीत. पस्तीस वर्षांनीही पाळतात, बरं वाटलं.
म्हटलं, सहा बदला. चौथा राहू दे, आठवण म्हणून. पक्का आहे.
"तुमचा शब्द हाय ताई, मग झालं," म्हणाली. चहा घेऊन गेली.

१३ नोव्हें.
इथे तरी खरं लिहावं. चौथा पक्का नाही.
तेव्हा छिद्रं हाताने पाडायचो, पंच आणि हातोडी. चौथ्यापाशी पंच बोथट झाला, दुसरा जवळ नव्हता, दंड भरून आलेले. अंगठ्याएवढं खोल हवं ते नखाएवढं झालं. त्यातच बोल्ट बसवला, श्वास रोखून त्यावर उभी राहिले, वर गेले. मागून चढणाऱ्यांसाठीच्या टिपणात लिहिलं: 'बोल्ट ४, पक्का.' खुंट्यावरची पहिली चढाई, तीही बाईची. पेपरात फोटो. नंतर दोन-तीन तुकड्या गेल्या, निभावल्या. आता तो काढला की छिद्र दिसणार. म्हणून आठवण. वा, बाई.

१६ नोव्हें.
शिळफाट्याला रफिकच्या दुकानात. तेव्हा खाली दोर धरायला तोच होता, आता हार्डवेअर विकतो. त्याला एकदाचं सांगितलं. त्याने गिऱ्हाइकाचे स्क्रू आधी बांधून दिले.
"मला तवाच कळलं व्हतं. बाकीच्यांना घाव किती येळ पडले, आनि त्याला किती. मी खाली ऐकत व्हतो ना."
मग बोलला का नाहीस?
"तू बोलशील म्हनून. पोरीला फोन कर गं."
करते म्हटलं.

१९ नोव्हें.
फोन केला नाही. दोनदा नंबर काढला, ठेवला. गुडघा शेकला.
प्र.चा मेसेज: रविवारी चढतोय. पाचव्याचं ड्रिल चौथ्यावर लटकूनच मारणार, तो पक्का आहे ना. हार घालून फोटो पाठवते.
हार.

२३ नोव्हें., रवि.
शेवटी आज सकाळी फोन लावला. रेंजबाहेर. परत परत तेच. रफिकने दुकान बंद ठेवून टेंपो काढला. पायवाटेवर गुडघ्याने असहकार पुकारला. पायथ्याशी पोचलो तेव्हा प्र. तिसऱ्यावर होती आणि हात चौथ्याकडे.
ओरडले, "त्याच्यावर वजन टाकू नकोस. तो अर्धाच आहे."
खाली तिच्या तुकडीतले आठ-दहाजण. सगळे माझ्याकडे वळले. वरून आलं, "बरं ताई."
शेजारी नवा मारला. जुन्याला दोन टोले दिले, हातात आला.
खाली उतरून माझ्या तळहातावर ठेवला. "तुमी ह्याच्यावर उभ्या व्हत्या?"
हो म्हटलं. "अवघड हाय," म्हणाली आणि दोर गुंडाळायला गेली. रागावली असती तर सोपं होतं. फार लाज वाटली. परतताना रफिकने टेंपोत रेडिओ लावला, त्याचे आभार.

२५ नोव्हें.
प्र.चा फोन. आवाज नेहमीसारखा.
"ताई, तुमचे आनखी चार सुळके हायत. पोरं जातात तिथं. टिपणात समद्या बोल्टपुढं पक्काच लिवलंय. खरं कुठलं धरू?"
वही बघून सांगते म्हटलं.

२६ नोव्हें.
वही उघडली. अकरा बोल्ट, अकरा वेळा 'पक्का', सगळीकडे माझं तेच ठाशीव अक्षर. नऊंची खात्री आहे. दोन दुसऱ्या सुळक्यावरचे, ताप अंगात घेऊन ठोकलेले. त्या दिवशी परतीच्या वाटेवर खाल्लेली करवंदं आठवतात, छिद्रं आठवत नाहीत.
प्र.ला कळवलं, विचारत बसू नका, सगळेच बदला.
"बदलूच ताई. पन बदलायला चढताना कशाला धरायचं?"
आठवून सांगते म्हटलं. सकाळपासून आठवतेय.