मागे वजन हवं

४ फेब्रुवारी, धुळे
आईचा एक्स-रे पुन्हा काढला. दबलेला मणका तसाच. डॉक्टर म्हणाले, जळगावला तुमच्याकडे न्या, इथे एकटी ठेवू नका. फक्त प्रवासात धक्का बसता कामा नये. आई अँब्युलन्सला तयार नाही. आप्पा तिच्यातून गेले ते परत आले नाहीत. छोट्या गाडीत तिला आडवं होता येत नाही. उरली आमची जीप, नवऱ्याच्या धंद्याची.

५ फेब्रु., जळगाव
आज जीपमध्ये मागे मीच आडवी झाले. सुधीरला म्हटलं, पारोळ्यापर्यंत चल. एरंडोलच्या आधीच परत फिरायला लावलं. पाठ अजून ठणकतेय.
ठिबक सिंचनाच्या नळ्या वाहायच्या म्हणून सुधीरने मागच्या चाकांवरच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, एकेक जादा पट्टी टाकून घेतली होती. सात वर्षं आईला याच गाडीतून आणतो, सोडतो. ती कधी काही बोलली नाही. मीही कधी…

६ फेब्रु.
कमानींचं काम करणाऱ्या रशीदभाईंकडे. गाडीखालूनच म्हणाले, "ताई, ही गाडी मालासाठी केलीय, माणसासाठी नाही."
जादा पट्ट्या काढल्या, बाकीच्यांना ग्रीस. शॉकअप नवे घालायला लावले. कमानी ठीक आहेत तर शॉकअप कशाला, असं मी विचारलं. त्यांनी गाडीचा कोपरा दाबून सोडला. चार-पाच वेळा वरखाली. कमान धक्का खाते, पण खाऊन स्वस्थ बसत नाही. शॉकअप तिला थांबवतो. नवे बसवल्यावर पुन्हा दाबला. एकदा वर आली, थांबली. मी उगाच तीनदा दाबून पाहिला. मलाही असं थांबता आलं तर.
तरी म्हणाले, रिकामी नेऊ नका. कमान मुळातच वजनासाठी जाड केलेली. वजन असलं की दबते, खड्डा पोटात घेते. रिकामी असली की माणूस उडवते. तीन क्विंटल तरी टाका, वाळू चालेल.

८ फेब्रु.
वाळूची सहा पोती, वर गादी. पुन्हा मी आडवी, थेट पारोळ्यापर्यंत. खूप फरक आहे. पण पडून फक्त आभाळ दिसतं. खड्डा कधी येईल कळत नाही, म्हणून अंग सारखं आवळलेलं.
आप्पांच्या सायकलच्या सीटला मागे दोन स्प्रिंगा होत्या. कॅरिअरला काहीच नव्हतं, तिथे मी. खड्डा आला की ते पुढून "धर" म्हणायचे.
मी पुढे बसेन. रस्ता बघून आईला सांगत राहीन.

१० फेब्रु., धुळे
आईने खाटेवरूनच खिडकीतून गाडी पाहिली. "मी काय कांदास्नं पोतं शे का, वाळूमा निजाडशी?"
वजन का हवं ते समजावलं.  तर म्हणाली, घरात वजन कमी आहे का, वाळू कशाला वाहता. बोट दाखवत गेली. तांब्याचा बंब. शिलाई मशीन. पितळी घंगाळं. गव्हाच्या दोन गोण्या. सुधीर उचलत गेला, वाळूचं एकेक पोतं खाली उतरत गेलं. ती यायला तयार झाली, मला हायसं वाटायला हवं होतं. मशीनच्या जागी फरशीचा रंग निराळा निघाला. परत यायचं तिच्या मनात नाही, हे तेव्हा कळलं. म्हटलं, आई, राहू दे, वाळूच बरी. ऐकेना.
शेवटी जातं उरलं. सुधीर वाकला तर म्हणाली, "ते आठेच ऱ्हाऊ दे."
मी म्हटलं, वजन कमी पडेल.
"मंग तू बठ मन्हाजोडे."
मी मागे तुझ्याजवळ बसले तर खड्डे कोण सांगणार, विचारलं. 
सकाळी निघायचं. जातं कोपऱ्यात झाकून ठेवलंय. त्याचा खुंटा तिने काढून मागितला; त्याच्याशिवाय जातं कुणाला फिरवता येत नाही. आता तिच्या उशाखाली आहे.